जमिनीतला अर्धा ट्रान्सफॉर्मर

दादा गेल्याचं मला मुलुंडला आमच्या चाळीच्या फाटकातच कळलं. मी कामावरून परतत होते. त्याच्या कारखान्यातले सावंत वाट पाहत उभे होते. "ताई, आधी घरात चला," म्हणाले. मी तिथंच विचारलं, तिथंच त्यांनी सांगितलं... काम करता करता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

दादा, माझा थोरला भाऊ, नाहूरच्या एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायचं काम, करायचा. लहानपणच्या तापात माझे पाय गेले, बोटांतली पकडही गेली. बॅटरीवर चालणारी तीनचाकी त्यानंच मला जोडून दिली. हँडल मी तळव्यांनी वळवायचे, पण चार्जिंगची पिन बोर्डात दाबणं काही जमायचं नाही. त्यासाठी आईला हाक मारायची. एकदा आई पिन लावायला विसरली आणि वाचनालयातल्या नोकरीची माझी मुलाखत हुकली. आई रडली. दादा म्हणाला, "पिनच नको."

त्यानं एका ट्रान्सफॉर्मरचे दोन भाग केले. एक पडवीच्या लादीखाली बसवला, दुसरा माझ्या गाडीच्या तळाला. मधे बोटभर फट. गाडी नेमकी वर आणून थांबवली की वायर न जोडता बॅटरी भरायला लागायची. आई तिच्या मालवणीत वैतागली, "ह्या कित्याक होया? मी आसंय मा पिन लावूक!"

"तू आहेसच गं," दादा म्हणाला, "पण तिला कुणाला हाक न मारता निघता आलं पाहिजे ना."

पहिलं वाइंडिंग जळलं, चाळभर वास सुटला. दुसरं चाललं, पण तापायचं, बरीच वीज वाया जायची, आणि गाडी जरा सरकली तरी सगळं बंद. दादानं यातलं काही लपवलं नाही. गाडी मागं-पुढं करत जागा साधायला मला आठ दिवस लागले.

वाचनालयात पुन्हा जागा निघाली, पण मुलाखतीच्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी एकटी गेले, नोकरी घेऊन आले. दादानं एवढंच विचारलं, "हाक मारावी लागली?"

"नाही."

"झकास," म्हणाला आणि जेवायला बसला.

परवा संध्याकाळी कामावरून आले, तर गाडी पडवीत तिरकी थांबली. दोनदा मागं घेतली, तरी जमेना. आई दारात होती. गाडी ढकलायला तिचे हात पुढं आले... मग तिनं ते पदरात गुंडाळून घेतले.

"जरा डाव्या बाजूक घे," म्हणाली, आणि दारातच उभी राहिली.