उसनं आडनाव

मिस ऑर्लीन एव्हरिल यांच्या शेगडीवर मक्याच्या कण्या रटरटत होत्या आणि बाई नेहमीप्रमाणे त्यांच्याशी भांडत होत्या. "चिकटा बुडाला, चिकटा. दुसरं येतंय काय तुम्हाला!" एवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली.

बाईंनी शेगडी बारीक केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या घरी येणारं माणूस स्वयंपाकघराच्या दाराने यायचं, तेही दार न वाजवता, "आहात का?" असं ओरडत. पुढचं दार वाजवायचा तो विमा विकणारा, नाहीतर काहीतरी काम काढून आलेलं बडं माणूस. विमावाला एवढ्या सकाळी उठत नाही.

दारात डोरिंडा प्रूइट उभी होती. गळ्यात मोती, हातात लोण्याचा केक. मागे तिची सून केल्सी, दोन्ही हातांनी पोट सांभाळत. केकच्या ताटलीखाली डोरिंडाच्या नावाची चिकटपट्टी असणार हे बाईंना न बघताही ठाऊक होतं. केक तुमचा, ताटली आमची, अशी प्रूइटांची माया.

"मिस ऑर्लीन! किती दिवसांत भेट नाही आपली!"

"रविवारी चर्चमध्ये तू माझ्या पुढच्याच बाकावर होतीस, डोरिंडा. ये, आत ये. तू बस गं पोरी, त्या खुर्चीत नको, ती खुर्ची माणसाला गिळते. इकडे बस."

डोरिंडाने कॉफी घेतली, हवेला नावं ठेवली, पडद्यांचं कौतुक केलं. पडदे विटलेले होते. बाई खऱ्या कामाची वाट बघत होत्या. शाळेच्या जेवणघरात वाढण्यात त्यांची अख्खी हयात गेलेली. कोणतं पोर आधी "आज तुमचे केस छान दिसतायत" म्हणतं आणि मग जास्तीची खीर मागतं, हे त्यांना पाठ होतं.

"केल्सीला मुलगी होणार आहे," डोरिंडा शेवटी म्हणाली.

"देव करो आणि आईवर जावो."

"आम्ही नाव ठरवलंय." डोरिंडाने कप खाली ठेवला. "एव्हरिल."

बाईंचा चमचा बशीत वाजला.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या गावात मुलीला आडनावाने हाक मारणं ही काही नवलाई नव्हती. आईचं माहेरचं आडनाव लेकराला पहिलं नाव म्हणून द्यायचं, म्हणजे लग्नात हरवलेलं माहेर पाळण्यात परत मिळतं, अशी जुनी चाल. गेल्या काही वर्षांत मात्र तिला ऊत आला होता. बाई निवृत्त झाल्या त्या साली जेवणघरात एका टेबलावर कॉलिन्स, सटन, पामर आणि ब्रूक्स बसत. नावं ऐकून वाटावं, जमिनीचा खटला चालवायला चार वकील आलेत. बघावं तर चार चिमुरड्या, त्यातल्या एकीचं नाक सदा वाहतं.

पण चालीला एक नियम होता. नाव आपल्या रक्तातलं हवं. बारशाआधी बायका जमल्या, लोकरीचे मोजे हातोहात फिरले, की कुणीतरी म्हातारी गोड आवाजात विचारायचीच, "कुणाकडचं गं हे नाव?" तिथे उत्तर अडखळलं, की बायकांच्या मनात थेट बाळाच्या आजोबांच्या तरुणपणीच्या भानगडी येत.

"पण एव्हरिल का?" बाईंनी केल्सीकडे बघितलं. "तुझं माहेरचं आडनाव काय गं?"

"ग्रब्ज," केल्सी म्हणाली.

डोरिंडाने डोळे मिटून घेतले. घशात माशी गेल्यासारखं ते नाव. "माणसं फार चांगली आहेत हो," ती घाईने म्हणाली, "पण ग्रब्ज प्रूइट? मुलगी आहे, ट्रॅक्टरची कंपनी नाही. आणि माझं माहेरचं नाव हचिन्सला देऊन झालंय." हचिन्स म्हणजे तिचा मुलगा, केल्सीचा नवरा. "एव्हरिल कसं, म्हटलं की डोळ्यांसमोर उभं राहतं. पांढरे खांब, ओकची झाडं, जुनं घराणं..."

"कुणाचं जुनं घराणं?"

"तुमचं!"

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी कॉफीबरोबर गिळलं. एव्हरिलांचं जुनं घराणं म्हणजे त्यांचे वडील रॉस्को. दिवसा लोकांची कुंपणं दुरुस्त करायचे आणि रात्री ओढ्याकाठी हातभट्टी लावायचे. दोनदा आत जाऊन आले. सगळं गाव बाप्टिस्ट, दारू वर्ज्य मानणारं, तिथे दारूचा थेंब मिळत नसे, आणि नाताळच्या फळांच्या केकमध्ये तर व्हिस्की लागतेच. तेव्हा गावातल्या सगळ्या सोवळ्या घरांच्या मागल्या दाराशी रॉस्को एव्हरिल बरणी घेऊन उभे राहत. प्रूइटांच्या मागल्या दाराशी सगळ्यात मोठी बरणी जायची.

त्याच प्रूइटांचा कार्लटन, म्हणजे डोरिंडाचा सासरा, एका उन्हाळ्यात ऑर्लीनच्या मागे लागला होता. रोज संध्याकाळी यायचा, ओसरीवर बसायचा, शेंगांची टरफलं खिशात भरून न्यायचा. लग्नाचं बोलणं त्याने आईपाशी काढलं तेव्हा थोरल्या मिसेस प्रूइट म्हणाल्या होत्या, "एव्हरिल हे नाव आपल्याकडे मागल्या दाराने येतं. पुढल्या दाराने नाही." कार्लटन आज्ञाधारक. त्याने दुसरीकडे लग्न केलं, जाड झाला, चर्चचा खजिनदार झाला आणि चार वर्षांपूर्वी देवाघरी गेला. ऑर्लीनने मात्र कुणाशीच लग्न केलं नाही. भाऊ तरुणपणीच गेला. आता एव्हरिल म्हणून हाक मारली तर ओ देणारं माणूस अख्ख्या काउंटीत एकच उरलं होतं, आणि त्याच्या कण्या आता करपत होत्या.

बाई उठल्या, कण्या उतरवल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मग मला विचारायला आलात होय?"

"विचारायला म्हणजे..." डोरिंडा जरा चुळबुळली.

"पांघरुणांवर नाव भरून झालंय," केल्सी म्हणाली. "चांदीच्या कपावरही कोरलंय."

"केल्सी!"

"झालंय ना, आई. मग सांगायला नको?"

मिस ऑर्लीन वळून पहिल्यांदाच त्या मुलीकडे नीट बघत राहिल्या.

डोरिंडाने मोत्यांशी चाळा केला. "शनिवारी आमच्याकडे बायका जमतायत. तुम्ही यायचं, मिस ऑर्लीन. माझ्याच शेजारी बसायचं. आणि कुणी विचारलंच, तर म्हणायचं की लांबचं नातं आहे. समुद्राकाठच्या एव्हरिलांकडून. भाताची शेती होती, वाडा होता, यादवी युद्धात सगळं गेलं. युद्धात गेलं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर लोक म्हणतील, नाव चोरलं."

"छे गं. लोक तसं नाही म्हणायचे." बाई परत खुर्चीत बसल्या. "लोक कार्लटनचं नाव काढतील. तो एक उन्हाळाभर याच ओसरीवर बसून होता. तुला कुणी सांगितलं नाही वाटतं? गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आठवतंय."

डोरिंडाचा चेहरा तिच्या मोत्यांच्या रंगाचा झाला.

"मामंजी?" ती पुटपुटली. "इथे?"

"शेंगा खायला. तेवढंच. घाबरू नकोस."

केल्सी हसू आवरत होती. ते आवरलं नाही तेव्हा तिने विचारलं, "मिस ऑर्लीन, तुमचे वडील कसे होते?"

या गावात तो प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. ते कसे होते हे सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं.

"उंच होते," त्या म्हणाल्या. "गाणं वाईट म्हणायचे, पण म्हणायचे. तुरुंगातून आले की आधी विहिरीवर जाऊन अंघोळ करायचे, मग मला उचलून घ्यायचे. त्यांनी उभं केलेलं कुंपण वादळात पडलं नाही. आणि त्यांची व्हिस्की पिऊन कुणी आंधळं झालं नाही. त्या काळात ही मोठी गोष्ट होती."

"व्हिस्की?" डोरिंडा म्हणाली.

"तुझ्या आजेसासूबाईंच्या केकमधली."

डोरिंडाने केकच्या ताटलीकडे बघितलं, जणू तीही आता साक्षीला उभी राहणार होती. मग तिने तलवार म्यान केली नाही, फक्त हात बदलला. "जुन्या गोष्टी झाल्या त्या, मिस ऑर्लीन. शनिवारी आपण वाड्याचंच सांगू. ऐकायला बरं वाटतं."

बाईंना नाव हवं होतं. हे त्यांना आत्ता, या खुर्चीत बसल्या बसल्या, लख्ख कळलं आणि त्याचा राग आला. कुणीतरी कुणालातरी अंगणातून एव्हरिल म्हणून हाक मारावी, जेवायला बोलवावं, हे ऐकायला त्या तडफडत होत्या. पण डोरिंडाला हवं होतं ते धुऊन, इस्त्री करून, बापाचा वास काढून टाकलेलं नाव. असलं नाव काय, दुकानातही मिळतं.

"येईन मी शनिवारी," त्या म्हणाल्या. "तुझ्या शेजारी बसेन. केकही खाईन. नाव ठेवा तुम्ही, माझी हरकत नाही."

डोरिंडाचा जीव भांड्यात पडला. "तुमचे उपकार..."

"तू नको, मी हिच्याशी बोलतेय." बाईंनी केल्सीचा हात धरला. "माझं एकच मागणं आहे, पोरी. कुणी विचारलं, कुठले एव्हरिल, तर तू सांगायचंस, रॉस्कोचे. हातभट्टीवाल्या रॉस्कोचे."