कोपऱ्यातली जागा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. या विषयावरची पुस्तकं मुलांना काढून दिली, परत आल्यावर जागेवर ठेवली, पण एकही उघडून वाचावंसं वाटलं नाही. तरी हे लिहितोय, कारण जे घडलं ते माझ्या भिंतीवर टांगलेलं आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. भिंतीवरची गोष्ट नाकारायची तरी कशी?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही बंगळूरला जे. पी. नगरात राहत होतो. मूळचे दोघंही निपाणीचे. माझी बायको सुधा बिडी वळणाऱ्या घरातली होती. शाळेत जायच्या वयात आईशेजारी बसून टेंभुर्णीची पानं कापायची. लहानपणी जिन्यावरून पडल्यामुळे तिचा डावा गुडघा वाकत नसे. त्यामुळे जमिनीवर बसताना डावा पाय नेहमी सरळ पुढे... आणि काहीही कापायचं असलं, अगदी भेंडी, तरी जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं.

आमच्या स्वयंपाकघरात एक चित्र होतं, कामगार संघटनेच्या कॅलेंडरवरून कापून फ्रेम केलेलं. परसू मास्तरांचं. मास्तर लाकडावर कोरून चित्रं छापायचे – विणकर, झाडूवाल्या, वीटभट्टीवरची माणसं. राजेमहाराजे किंवा देवदेवता त्यांनी कधी काढल्या नाहीत. या चित्रात गल्लीत ओळीने बसलेल्या बिडी वळणाऱ्या बायका होत्या. मांडीवर सुपं, हातात कात्र्या. गल्ली सुधाची होती.

"यात मी आहे," असं ती लग्नानंतर पहिल्या आठवड्यात म्हणाली होती.

"कुठे?"

"खाली, डाव्या कोपऱ्यात."

डाव्या कोपऱ्यात नुसतं काळं होतं.

"मास्तर गल्लीत बसून फळीवरच कोळशाने काढत होते. आधी मला काढलं होतं. मग शेठचा मुकादम आला आणि ओरडला – पोरं कामाला दिसता कामा नयेत, उद्या कोणी विचारलं तर? आईने मला दंडाला धरून आत नेलं. मास्तरांनी मला पुसलं."

"पुसलं म्हणजे नाहीसच."

"नीट बघत जा हो! आहे मी."

हे आमचं वर्षानुवर्षं चाललं. चहा गाळताना मी विचारायचो, "आज दिसतेयस का गं?" ती म्हणायची, "तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय." एकदा मी म्हटलं, या बायका सगळ्या डावखुऱ्या कशा? तेव्हा मात्र ती मनापासून हसली. "छापात सगळं उलटं येतं. मास्तर नवे होते, उलटं काढायचं विसरले. पहिला छाप बघून बायका म्हणाल्या, मास्तर, आम्हाला सगळ्यांना डावखुरं केलंत की! तेही हसले. पण बदललं नाही."

मास्तर शेवटची वर्षं बंगळूरलाच, बसवनगुडीत राहायचे. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने राहत्या घराच्या दोन खोल्यांत त्यांच्या चित्रांचं छोटंसं संग्रहालय केलं. सुधाला हे कळलं तेव्हा ती आजारी होती. "बरी झाले की जाऊ. मूळ फळी बघू, मग कळेल तुम्हाला." ती बरी झाली नाही.

ती गेल्यानंतर बरेच महिने मी त्या चित्राकडे बघायचं टाळलं. मग एका दुपारी निघालो. दुःख कमी झालं होतं म्हणून नव्हे. तिचा एक दावा निकालात निघायचा राहिला होता, आणि तो माझ्याशिवाय कोणाला ठाऊकही नव्हता. मी गेलो नसतो तर ती त्या गल्लीत होती की नव्हती हे कोणीच कधी विचारलं नसतं.

बसवनगुडीतली भुईमुगाच्या शेंगांची जत्रा नुकतीच संपली होती. रस्त्याच्या कडेला अजून टरफलं पडलेली. रिक्षावाल्याने दोनदा विचारून घेतलं, "स्वल्प मुंदे, सार?" – थोडं पुढे ना? – आणि एका बैठ्या घरासमोर सोडलं. दारात रांगोळी, बाजूला पारिजातक. आत मी एकटाच होतो.

मास्तरांच्या पत्नी गंगाक्का बेळगावकडच्या. मी मराठीत बोलल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला.

"कुठले तुम्ही?"

"निपाणीचा."

"बिडीच्या घरातले?"

"मी नाही, अक्का. बायको."

"मग त्यांना का नाही आणलं हो अण्णा?"

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. फक्त "नाव काय त्यांचं?" एवढंच. मी सांगितलं. "सरी," – बरं – म्हणाल्या आणि आतून एक फळी काढून आणली.

मास्तरांची एक पद्धत होती. ज्याचं चित्र, त्यानेच पहिला छाप काढायचा, आणि तो त्याचाच. विणकराने विणकराचा काढला, झाडूवालीने झाडूवालीचा. प्रेस नव्हतीच. शाई लावायची, कागद ठेवायचा आणि लाकडी पळीच्या पाठीने घासायचा. गंगाक्कांनी हे पुढे चालू ठेवलं होतं. त्या त्या कामाच्या घरातलं कोणी आलं तर त्या फळी बाहेर काढत.

"त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी आपापला छाप नेला. तुमच्या सुधाताईंनी नेला होता?"

"नाही. ती चित्रात नव्हती."

"बरं. मग त्यांच्यातर्फे तुम्ही काढा."

मी आधी फळी खिडकीकडे नेऊन पाहिली. कोरलेला भाग कागदावर पांढरा येतो, न कोरलेला काळा. छापातला डावा कोपरा फळीवर उजवीकडे असणार. तिथे बोट फिरवलं. गुळगुळीत. एक चराही नाही.

"इथे रिकामं का सोडलंय, अक्का?"

"मीही विचारायची. 'राहिलं' म्हणायचे. बाकी बोलायचे नाहीत. ही फळी काढली की त्या दिवशी नीट जेवायचे नाहीत, एवढं मला माहीत."

निकाल माझ्या बाजूने लागला होता. सुधा, तू नव्हतीस... असं मनात आलं, आणि जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

गंगाक्कांनी रोलरने शाई फिरवली. मी कागद ठेवला, पळीने घासायला लागलो. "जोर द्या, अण्णा! तव्यावरच्या भाकरीला हात लावताय की काय?" त्या म्हणाल्या. मी हसलो – कितीतरी दिवसांनी. कोपऱ्याशी आल्यावर, तिथे काही नाही हे ठाऊक असूनही, जास्त वेळ घासत राहिलो. मग कडा धरून कागद उचलला.

आधी गंगाक्कांनीच पाहिलं. "अय्यो," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "हे कोण?"

डाव्या कोपऱ्यात, काळ्यात, बारीक पांढऱ्या रेघांनी कोरल्यासारखी एक मुलगी बसली होती. मांडीवर सूप. एक पाय सरळ पुढे. मान खाली. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर.

आम्ही दोघांनी फळी पुन्हा तपासली. गंगाक्कांनी पदराने शाई पुसून नख ओढून पाहिलं. गुळगुळीत. मी लगेच पुन्हा शाई लावून दुसरा कागद घेतला, त्याच हाताने, त्याच पळीने दुसरा छाप काढला. कोपरा काळा, नेहमीसारखा.

 मग गंगाक्कांनी पहिला कागद दोरीवर वाळत घातला आणि म्हणाल्या, "हा तुमचा नाही हं. त्यांचा आहे. न्या घरी."

माझा मुलगा इंजिनिअर आहे. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाबा, मास्तरांनी आधी मुलगी कोरली असेल, मग लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवली असेल. भरलेलं आकसलं की रेघ उमटू शकते. एकदाच का, ते नाही सांगता येणार. पण शक्य आहे." मला हे पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. म्हणजे मास्तरांनी तिला नुसतं काढलं नव्हतं, कोरलंही होतं.

मग एका सकाळी चहा गाळताना मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पाहिली आणि गाळणं हातातच राहिलं.

बायका सगळ्या डावखुऱ्या. फळीवरून आलेलं सगळं उलटंच येणार, त्याला इलाज नाही. त्या मुलीची कात्री मात्र उजव्या हातात आहे. पुढे पसरलेला पाय डावा आहे. ती फळीतून आली असती, कोरलेली असो की बुजवलेली, तर तीही उलटी आली असती. ती सरळ आहे. जशी स्वयंपाकघरात बसायची, तशी.

मी मुलाला हे दाखवलं. तो खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आईच आहे." इंजिनिअरसारखं काही बोलला नाही.

पुढे गंगाक्काही गेल्या. फळ्या एका कॉलेजने नेल्या. तिथे छाप घेऊन गेलो होतो. तिथल्या सरांनी फळी आणि कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, हा छाप दुसऱ्या फळीचा असणार. पण अशी दुसरी फळी नाहीच. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. वाचकांपैकी कोणाला छपाईतलं कळत असेल तर जरूर सांगा. मी ऐकेन.

दोन्ही चित्रं स्वयंपाकघरातच आहेत. चहा एकाच कपाचा होतो आता. सवयीने तोंडातून निघून जातं – "आज दिसतेयस का गं?" पहिल्या चित्रात ती नाही, दुसऱ्यात आहे. घरात आधी होती, आता नाही. घराचं तेवढं उलटं झालं.