पाय टेकला!

सायकलवाल्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या चार पुरुषांनी रविवारी सकाळी हेल्मेट चढवलं, की नाश्त्यापर्यंत दोन तरी तयार होतात! आमच्या ग्रुपमध्ये मी, जोगळेकर, पाठक आणि खडकीच्या फॅक्टरीतले कांबळे. शाळा सुटल्यावर सायकल सुटली होती; आता डॉक्टरांनी पुन्हा बसवलं. कांबळ्यांची मात्र कधी सुटलीच नव्हती.

ग्रुपचा नियम एकच. जुना कात्रज घाट बोगद्यापर्यंत न थांबता चढायचा. मध्ये पाय टेकला, तर संध्याकाळी ग्रुपवर स्वतःच्या हाताने लिहायचं, "टेकला." सहा महिने दर रविवारी मी हेच लिहीत आलोय. एकदा, फक्त एकदा, मला ते न लिहिता झोपायचं होतं.

*

जोगळेकरांनी नवी सायकल घेतली. तिला स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. दुकानदार म्हणाला, "सर, त्याने वजन वाढतं. ही फक्त आठ किलो आहे!"

सदाशिव पेठेत सायकल बघायला सगळी बिल्डिंग जमली. जोगळेकर वहिनींनी एका बोटाने ती उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, एवढं वजन पोटावरून उतरवलं असतं, तर जुनीच चालली असती."

*

पाठकांचा जीव मोबाईलच्या अॅपमध्ये. एकदा घरी पोचले तेव्हा अॅपवर आकडा १९.६ किलोमीटर! वीस झाल्याशिवाय हा माणूस चहा कसा घेणार? सोसायटीच्या पार्किंगमध्येच गोल गोल फिरायला लागले.

आठव्या फेरीला वॉचमनला राहवेना. "साहेब, काय हरवलंय का? मी पण शोधू लागतो!"

*

जोगळेकर व्हिडिओ बघून बघून तज्ज्ञ झालेत. कांबळे तीस वर्षं त्याच काळ्या, जड सायकलवरून कामावर जातात. त्यांना जोगळेकरांनी विचारलं, "कांबळे, तुमचा कॅडेन्स किती?"

"म्हणजे?"

"मिनिटाला पेडल किती वेळा फिरतं?"

"भोंगा व्हायच्या आत गेटवर पोचू इतक्या वेळा."

 

*

मग जोगळेकरांनी ते खास बूट आणले. ते पेडलमध्ये खटकन अडकतात, सोडवायला टाच बाहेर झटकावी लागते. पहिल्याच दिवशी स्वारगेटच्या सिग्नलला जोगळेकर थांबले आणि टाच झटकायची विसरले. थेट शेजारच्या स्कूटरवर!

स्कूटरवाल्या मुलीने त्यांना शांतपणे सरळ केलं. "काका, लहान मुलांच्या सायकलला बाजूला दोन चाकं असतात ना? तेवढी लावून घ्या."

*

गेल्या रविवारी मात्र मी घाटात चढतच राहिलो. मांड्या पेटल्या होत्या, पण पाय टेकला नव्हता. शेवटचं वळण आलं, समोर बोगदा दिसला. कांबळे नेहमीप्रमाणे आधीच पोचून तिथे पाणी पीत उभे होते. मला अक्षरशः भरून आलं.

माझ्यापुढे दहा हातांवर जोगळेकर होते. त्यांनी भलत्या वेळी गिअर बदलला, चेन उतरली आणि ते सायकलसकट आडवे झाले.

खरं सांगतो, बाजूने निघून जावं असंच वाटलं. पण खालून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मी ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि धावत जाऊन त्यांना सायकलसकट कडेला ओढलं.

जोगळेकरांचं कोपर सोललं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. डोळे उघडून पहिलं वाक्य काय, तर "बूट पेडलमध्येच आहेत, बघून घ्या! पाय टेकलेला नाही!"

कांबळे वरून चालत आले. वाकून त्यांनी नीट पाहणी केली. "कोपर टेकलंय. गुडघा टेकलाय. पाय नाही."

संध्याकाळी ग्रुपवर एकच मेसेज पडला, माझा. "टेकला."

त्याखाली लगेच जोगळेकर, "हरकत नाही. प्रयत्न सोडू नका!"