कंबर म्हणजे नेमकी कुठे

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. रक्कम एकशे एक रुपये, ताटलीत ठेवलेली, वर सुपारी. हजर तिघी: मी, सासूबाई आणि शेजारच्या भाभी. मला नववा महिना लागला होता, वय बेचाळीस, आणि पहिली मुलगी नववीत शिकत होती. पैसे भाभींसाठी होते, कारण भाभी पायाळू आहेत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. पाठीत किंवा कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाने लाथ मारली की ती निघते, हे आमच्याकडे पेणपासून रोह्यापर्यंत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

भाभींनी ताटली बघितली आणि दोन पावले मागे सरकल्या.

"पोटुशी बाईला पाय लावू? अल्ला माफ करो. मी नाय लावायची."

"अगो, लाथ कोण मार म्हणतोय? नुसता टेकव," सासूबाई म्हणाल्या. "माझी उसण तूच काढलीस ना गेल्या साली?"

"तुमच्या पोटात कोण होतं तवा? वरणभातच ना?"

सासूबाई हसल्या. मला हसू आले, पण हसले की खाली हाडात सुरी फिरल्यासारखे व्हायचे, म्हणून मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. ते बघून भाभी विरघळल्या. चप्पल काढून त्यांनी पाय धुतला, फडक्याने पुसला आणि माझ्या पाठीमागे येऊन, मांजराच्या अंगावर हात ठेवावा इतक्या हलकेच पाय माझ्या कमरेवर टेकवला. लगेच खाली वाकून त्यांनी माझ्या पाठीला हात लावून कपाळाला लावला. मी वळून त्यांच्या पाया पडायला गेले तर वाकताच येईना. शेवटी आम्ही दोघींनी उभ्या उभ्या एकमेकींना नमस्कार केला.

"माझ्या जन्माला आयचा जीव जायला आलेला," भाभी म्हणाल्या, "आणि आता आख्ख्या गावात माझ्या पायाला मान."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. घेतले तर गुण जातो म्हणाल्या. सुपारी तेवढी घेतली.

गुण मात्र आला नाही. त्या संध्याकाळी मी लक्ष्मीच्या घटापुढे खुर्चीवर बसून पोथी वाचली आणि उठताना दोन्ही हातांनी टेबल धरले.

माझी अडचण ही होती की या दुखण्याचा मला मेळच लागत नव्हता. मी पतसंस्थेत कॅशवर बसते. संध्याकाळी रक्कम जुळली नाही तर कुठेतरी चूक असते आणि शोधली की सापडते, याची मला सवय. इथे सकाळी बरे वाटायचे तर दुपारी पाय उचलत नसे. चालून वाढते म्हणावे तर पडून राहिल्यावर जास्त. जिना चढताना दुखायचे, सलवार घालायला एक पाय उचलला की दुखायचे, कूस बदलताना तर डोळ्यांत पाणी यायचे. पण सपाटीवर हळूहळू चालले तर काही वेळा काहीच नाही. पहिल्या वेळी मी डिलिव्हरीच्या आदल्या आठवड्यापर्यंत कामावर जात होते. तेव्हा असले काही नव्हते. मग हे वयाचे, बाळाचे, की माझ्या मनाचे?

घरात विचारले की मी सांगे, "कंबर दुखते." ते अगदीच खोटे नव्हते, डाव्या खुब्यात कळ यायचीच. पण खरे दुखणे पुढे होते. पोटाच्या अगदी खाली, दोन मांड्यांच्या मध्ये वर जे हाड लागते तिथे. त्या जागेला आमच्या घरात शब्द नाही. जे शब्द आहेत ते एक तर शिवीत आहेत किंवा दवाखान्यातल्या तक्त्यावर. सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर, खरे सांगायचे तर सासूबाईंसमोरही, "कंबर" म्हटले की विषय संपत असे.

आणि कंबर म्हटले की उपाय तयार असत. ओव्याच्या तेलाने चोळणे झाले. तव्यावर फडके गरम करून शेकणे झाले. सासूबाईंचे ठाम मत असे की मी खुर्चीवर बसून बसून आखडले आहे. "उकिडवी बसून लादी पूस गो. कंबर मोकळी होईल आणि सुटका पण लवकर होईल. आम्ही नवव्यात भात झोडपलाय." मी तीन खोल्या उकिडवी बसून पुसल्या आणि चौथ्या दिवशी पलंगावरून उठता येईना. सासूबाईंना वाटले, मी कमी पुसते.

नवरा रात्रपाळी करून कंपनीतून आला तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसून रडत होते. संडासला जायचे होते आणि पाय जमिनीवर टेकवायची भीती वाटत होती. त्याने मला धरून नेले. परत आणल्यावर त्याने कंपनीतला डबा उचलून ओट्यावर ठेवला.

"डॉक्टरांना विचारू या का? बाळ आता काढून घ्यायचं का, म्हणून?"

मी नाही म्हणाले नाही. हे मला अजून आठवते. माझ्या मनात तोच विचार चार दिवस चालू होता आणि तो बोलल्यावर मला एकदम हलके वाटले. मग लगेच अपराधी वाटले. मग परत हलके.

रोह्याच्या डॉक्टरबाईंनी तपासले. बाळ छान होते, डोके खाली होते, पाणी पुरेसे होते. कुठे दुखते विचारल्यावर माझ्या आधी नवऱ्यानेच सांगितले, "कंबर, मॅडम. फार कंबर दुखते."

"छत्तिसावा आठवडा आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता काढायचं तर मी नाहीच म्हणेन. अडतिसाव्यानंतर सिझरची तारीख देता येईल, पण नुसत्या कंबरदुखीसाठी पोट फाडायचं का, हे तुम्ही विचार करून सांगा. त्याआधी पेणला फिजिओथेरपीच्या मॅडमना एकदा दाखवून या. सोमवारी मला कळवा."

नुसत्या कंबरदुखीसाठी. हे शब्द मी घरी घेऊन आले. डॉक्टरबाई बरोबर बोलल्या होत्या आणि तरी माझे काहीतरी चुकीचे मोजले गेले असे वाटत होते. कुठे, ते सांगता येईना. एकदा वाटे, तारीख घ्यावी, दोन आठवडे ढकलावेत आणि सुटावे. एकदा वाटे, कंबर दुखते म्हणून ऑपरेशन करून घेतलेली बाई म्हणून जन्मभर ऐकावे लागेल. आणि पुढे कधी त्या मुलाला काही झाले तर मी त्याचा संबंध याच्याशीच जोडेन, हेही मला माहीत होते.

शनिवारी शेजाऱ्यांची व्हॅन घेऊन आम्ही पेणला निघालो. चढताना मी एक पाय आत टाकला आणि तिथेच ओरडले. नागोठण्यापर्यंत मी सीटची कड दोन्ही हातांनी धरून बसले. गडबजवळ गतिरोधक लागोपाठ आहेत, प्रत्येकाला नवरा ड्रायव्हरला "हळू, हळू" म्हणायचा आणि ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, याच्याहून हळू म्हणजे ढकलायला लागेल."

फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याला बाहेर बसायला सांगितले. मग विचारले, कुठे दुखते. मी म्हणाले, कंबर.

"शब्दात नको. हात ठेवून दाखवा."

मी हात खुब्यावर ठेवला. त्यांनी विचारले, आणखी कुठे. मी हात पाठीवर नेला. त्या वाट बघत राहिल्या. मग मी पोटाखाली, पुढे, हाडावर हात ठेवला आणि का कोण जाणे, रडायला लागले.

"ही कंबर?" त्यांनी विचारले.

"आमच्याकडे हिलाच म्हणतात," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

त्यांनी प्लास्टिकचा सांगाडा समोर धरला. दोन बाजूंची हाडे पुढे जिथे जुळतात तिथे एक सांधा असतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्या बाळाच्या वेळी कळले. गरोदरपणात तो सैल होतो. एका पायावर भार आला किंवा पाय फाकले की दोन बाजू कमीजास्त हलतात आणि ओढ बसते. खुब्याचे दुखणेही त्यातलेच. बाळाला त्याने धोका नाही. मी विचारले, मग चालले तर कमी का आणि पडले तर जास्त का? सपाटीवर छोटी पावले टाकली तर ओढ कमी बसते, आणि दुखते ते पडल्यावर नाही, कूस बदलताना, त्या म्हणाल्या. आणि उकिडवे बसून लादी पुसणे?

"कोणी सांगितलं?"

"कमरेसाठी सांगितलं."

त्यांनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी मला पलंगावर गुडघे जुळवून, मध्ये उशी धरून कूस बदलायला लावले. दुखले, पण ओरडण्याइतके नाही. कपडे बसून घालायचे. जिन्यावर एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, मग पुढची. गाडीत आधी पाठमोरे बसायचे, मग दोन्ही पाय एकत्र आत. मांडी नाही, उकिडवे नाही. पोटाखालून बांधायचा पट्टा दिला. "पूर्ण जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण रेटता येईल असं होईल. नाही झालं तर तारीख घ्या, त्यात लाज नाही."

परतताना मी पाठमोरी बसले, मग पाय आत घेतले. नवऱ्याने विचारले काय सांगितले. मी त्याला जागा दाखवली. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मग मी डॉक्टरांना कंबर कशाला सांगितलं?"

सोमवारी मी स्वतः फोन केला. कुठे दुखते ते सरळ सांगितले आणि म्हणाले, तारीख नको, आठवडाभर बघते. त्या आठवड्यात दुखणे गेले नाही. दोन दिवस पुन्हा तारीख घ्यावी असे वाटले, एकदा नंबरही लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. बरोबर केले की नाही हे तेव्हा माहीत नव्हते. सासूबाई लादी स्वतः पुसू लागल्या, पण कमरेचे म्हणणे त्यांनी सोडले नाही. भाभींचा पाय उशिरा लागू पडला, असे त्या सगळ्यांना सांगत.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, नॉर्मल. डॉक्टरबाईंनी मला कुशीवर ठेवले होते, पाय फार फाकू दिले नाहीत. हाड त्यानंतरही दीड महिना कुरकुरत राहिले, म्हणून पेणला आणखी दोन खेपा झाल्या. तीन वेळचे चारशेप्रमाणे बाराशे आणि पट्ट्याचे साडेसहाशे, एकूण अठराशे पन्नास, फिजिओथेरपीच्या मॅडमना, रोख.