दहा वारांची मोजणी

जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडी करत होते तेव्हा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कप्तान माझ्याच मजल्यावर राहायचा. सहा खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर, त्यामुळे आमची ओळख फ्रिजसमोरच झाली. दारातून तिरका होऊन आत यायचा, एवढा रुंद. एप्रिलमधल्या एका सकाळी तो म्हणाला, "ऐक ना, तुला रविवारी दोन-तीन तास नुसतं उभं राहता येईल का?" मला वाटलं, कुठे तरी रांग लावायची असेल. मी हो म्हटलं, आणि त्या हंगामापुरती साखळीवाली झाले.

या खेळात चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. नेला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. ते अंतर मोजायला दोन उंच काठ्या आणि त्यांच्यामध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी असते. ती धरायला माणसं यजमान संघानं द्यायची. मागची काठी माझ्याकडे, पुढची कप्तानाच्या मैत्रिणीकडे. पहिला सामना आम्ही पन्नासेक गुणांनी हरलो. दुसरा बरा गेला, म्हणजे वादळामुळे लवकर थांबला.

मे महिन्यात बाबा आले. अकोल्याकडे पस्तीस वर्षं जमिनी मोजून नुकतेच रिटायर झाले होते. आई गेल्यापासून घरात एकटेच, म्हणून मीच तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात कप्तान दिसल्यावर ते हात जोडून म्हणाले, "जय भीम."

"हा इंडियन हॅलो का?" त्यानं मला विचारलं.

"आमच्या घरचा आहे," मी म्हटलं. तेव्हापासून तो रोज सकाळी म्यूसलीचा वाडगा हातात घेऊन बाबांना खणखणीत जय भीम घालायचा. बाबा खूश. पण त्यापलीकडे त्यांना काही उद्योग नव्हता. खिडकीतून बसस्टॉप बघत बसायचे. बस वेळेवर येते याचं कौतुक आठवडाभरात संपलं.

अशात कप्तानाचं आणि मैत्रिणीचं बिनसलं. रविवारी दुपारी सामना, आणि पुढच्या काठीला माणूस नाही. तो दारात येऊन उभा राहिला. "तुझे वडील काठी धरतील का?"

मी बाबांना समजावून सांगू लागले. साखळी हा शब्द ऐकताच ते उठून उभे राहिले. "किती लांबीची?"

"दहा यार्ड."

"म्हणजे दहा वार! मीटरवाला देश ना हा?" त्यांनी पायांत बूट चढवलेसुद्धा.

मैदानावर त्यांना नारिंगी बनियनसारखं काही तरी घालायला दिलं, ते गुडघ्यापर्यंत आलं. त्यांनी आधी साखळी हातात घेऊन कडी न् कडी तपासली. मग सामनाभर त्यांची नजर साखळीवरून हलली नाही. दीडशे किलोचे दोन गडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर एकमेकांवर आदळले, तरी बाबा काठी सांभाळून दोन पावलं मागे सरकले आणि पुन्हा जागेवर. आम्ही नेहमीप्रमाणे हरलो.

जुलैतला घरचा शेवटचा सामना मात्र चुरशीचा झाला. आम्ही चार गुणांनी मागे, दोन मिनिटं उरलेली, आणि चौथ्या प्रयत्नात आमचा गडी चेंडूसकट पडला तो अगदी दहा यार्डांच्या हद्दीवर. पंचानं मोजणीची खूण केली. आम्ही काठ्या घेऊन आत धावलो. मी माझी रोवली. साखळी ताणली गेली, चेंडूचं टोक काठीच्या थोडं पुढे दिसत होतं. आमची पोरं नाचायला लागली.

बाबांनी काठी जमिनीला टेकवलीच नाही.

"नॉट करेक्ट," ते पंचाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "त्याला सांग, मधे साखळीला गाठ पडलीये. वीतभर तरी कमी भरतेय."

"बाबा, जाऊ द्या ना! आपलीच टीम आहे."

"मोजणीत आपलं कोणी नसतं गं."

कप्तान हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे बघत होता. मी शक्य तितक्या हळू आवाजात पंचाला जर्मनमध्ये सांगितलं. पंच वाकला, गाठ सोडवली, पुन्हा ताणली. काठी पुढे गेली आणि चेंडू चार बोटं कमी पडला. चेंडू समोरच्यांकडे गेला आणि सामनाही. मैदानाभोवतीचे साठ-सत्तर लोक आम्हाला उद्देशून जे ओरडले, त्यातलं बरंच मला जर्मनच्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"शिव्या देतायत."

"आणि पलीकडचे?"

"टाळ्या वाजवतायत."

बाबा जरा खट्टू झाले. दोन्हीकडून शिव्या आल्या की मोजणी चोख, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा हिशेब.

पंच मुद्दाम येऊन म्हणाला, हिवाळ्यात पंचांचा कोर्स असतो, यांना पाठवा. बाबा म्हणाले, "व्हिसा ऑगस्टपर्यंतच आहे म्हणावं." कप्तान चार दिवस स्वयंपाकघरात खाली मान घालून खात होता. जय भीम बंद. मला घर बदलावंसं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी तो वाडगा घेऊन बाबांच्या समोर बसला. "गाठ मलाही दिसली होती," तो मला म्हणाला. "सांग त्यांना." मी सांगितलं. बाबांनी त्याच्या वाडग्यात मूठभर शेंगदाणे टाकले.

हंगामाचा शेवटचा सामना बाहेरगावी होता. तिथे साखळी त्यांची, माणसं त्यांची. तरी कप्तानानं आम्हाला संघाच्या बसमध्ये घेतलं. बाबा पहिल्यांदाच बाकावर मोकळ्या हातांनी बसले, आणि खेळ सुरू झाल्यावर मला कोपरानं ढोसून म्हणाले, "आज आपल्याला मोजायचं नाहीये ना? मग सांग, यातले आपले कुठले?"

पांढऱ्या शर्टातले, मी म्हटलं. त्यानंतर बाबा ओळखूच येईनात. "पळ रे, पळ!" करत बाकावर उभे राहिले, पुढच्या रांगेतल्या अनोळखी आजोबांचा खांदा धरून. आम्ही एका गुणानं जिंकलो. हंगामातला एकुलता एक विजय. तरी तक्त्यात आम्ही तळालाच राहिलो, पण त्याचं त्या दिवशी कोणालाच काही नव्हतं. कप्तानानं बाबांना कंबरेला धरून उचललं. "अगं, सोड म्हण याला, पाठ धरेल!" ते वरून ओरडत होते.

परतीच्या बसमध्ये बाबा दोन धिप्पाड गड्यांच्या मधे बसल्या बसल्या झोपून गेले. त्यांना धक्का लागू नये म्हणून ते दोघं डार्मश्टाट येईपर्यंत अंग चोरून बसले होते.