चित्रातला अण्णा

म्हैसूरला सरस्वतीपुरममधल्या आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये मी दर रविवारी मुलांना मराठी शिकवते. आमचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत होते आणि मग इथलेच झाले. घरात अजून मराठी आहे, पण निम्मं कन्नड मिसळलेलं. मुलांचं तर विचारूच नका.

पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या एका गृहस्थांनी वर्गाला मुलांच्या पुरवण्यांतल्या चित्रपट्ट्यांचा गठ्ठा दिला. माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे नुसतं वाचून घेणं मला जमत नाही. मी मुलांना विचारायला लावलं की इथे हसायचं कोणाला? जाड मुलगा प्रत्येक चित्रात खातच का असतो? आईच्या हातातला झारा कधी सुटत कसा नाही? मुलं भलतीच तयार झाली. त्यातही एक चौथीतली मुलगी. मी प्रश्न पुरा करायच्या आत तिचं बोट बरोबर त्या चित्रावर असायचं.

मग एका रविवारी गठ्ठ्यातून अण्णा निघाला. काळाकुट्ट, कपाळभर पट्टे, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, दर वाक्याला 'अय्यो' आणि मोडकंतोडकं मराठी. मुलं पोट धरून हसली. ती चौथीतलीही हसली, आणि हसता हसता थांबली.

"मिस, हा साउथचा, अल्वा?"

"हो," मी म्हटलं.

"मग आपण कुठले?"

रोज भात-सारू खाणारी, गावाबाहेरच्या येलवालच्या पुढे फारसं कधी न गेलेली ही मुलं मराठी वाचायला बसली की पुण्याची होऊन हसत होती. हे त्यांच्यातल्या एकीला दिसलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी दोघातिघांना फोन करून सांगितलं.

संक्रांतीचा कार्यक्रम ठरला तेव्हा पुण्याच्या गृहस्थांनी त्याच चित्रपट्टीचं नाटुकलं सुचवलं. अण्णा कोण, तर तीच मुलगी. "तिला अभिनय करायलाच नको," ते म्हणाले, "ती बोलतेच तशी." कौतुकाने म्हणाले, त्यामुळे तर जास्तच लागलं. मी कमिटीत भांडले. ही पोर आत्ता कुठे तोंड उघडून मराठी बोलायला लागली आहे, तिच्या बोलण्यावर सगळा हॉल हसवून ते तोंड बंद करू नका, म्हटलं. अध्यक्ष आमच्यातलेच, त्यांचं मराठी त्या अण्णापेक्षा काही वेगळं नाही. ते म्हणाले, "मिस, मजेचं आहे ते. सुम्ने वाद कशाला घालता?" नंतर मुलीची आई जिन्यात भेटली. पहिल्यांदा स्टेजवर जाते आहे, मोडता घालू नका म्हणाली. आईच असं म्हणाल्यावर मी काय बोलणार?

तोंडाला काजळ फासून, वडिलांची लुंगी दुमडून ती उभी राहिली. तिने वेगळं काहीच केलं नाही. रोज बोलते तशी बोलली. हॉल कोसळला. पुढच्या रांगेत तिची आई डोळे पुसत हसत होती. पोरगी आईकडे बघत होती, आणि बघत बघत तिने उरलेली वाक्यं एकही न चुकता पुरी केली. बक्षीसही तिलाच मिळालं. एळ्ळू-बेल्लाची, म्हणजे इथल्या तीळगुळाची, पुडी हातात घेऊन ती खाली उतरली, तेव्हा जो तो तिला 'अण्णा' म्हणून गाल ओढत होता. मला त्या सगळ्यांचा संताप आला. अजून येतो.

पुढच्या रविवारी मी वर्गापुढे नवी चित्रपट्टी धरली आणि तिलाच विचारलं, "इथे कोणाला हसायचं ठरवलंय?"

"गोत्तिल्ला, मिस," ती कन्नडमध्ये म्हणाली. माहीत नाही.

तेव्हापासून ती वर्गात मराठी बोललेली नाही. परवा तिची आई दारात येऊन उभी राहिली. "घरात पण सगळं कन्नडच बोलते आता," म्हणाली. "एवढं वर्ष तुमच्याकडे पाठवली, मिस. तुम्ही तिला शिकवलं तरी काय?"