कोंदणातला रोमन राजा

मुरबाडच्या त्या म्हाताऱ्या सोनाराशी मी दहा वर्षं भांडतोय, पण बोलताना तो कधी मान वर करत नाही. एकदा जुन्या बाजारातून घासाघीस करून मिळवलेलं, राजाचं डोकं कोरलेलं रोमन नाणं मी त्याच्यापुढे ठेवलं. बायकोला भावाच्या लग्नात ते गळ्यात घालायचं होतं.

"वर भोक पाडा आणि कडी लावा," मी म्हणालो.

"भोक नाय पाडनार, शेठ. दोन हजार वर्सं डोकं शाबूत ठेवलंय राजानं. तुमच्या मेवण्याच्या लग्नापायी मी फोडू काय?"

मी खूप ओरडलो. तो फुंकणी फुंकत राहिला. शेवटी त्याने नाण्याभोवती चांदीचं नाजूक कोंदण घडवलं आणि कडी त्या कोंदणाला लावली. राजाला ओरखडाही नाही.

लग्नात जो तो विचारत होता, कोणी घडवलं? आणलं कोणी, हे एकानेही विचारलं नाही. त्या रागातच मी दुसरं नाणं मिळवलं आणि त्या म्हाताऱ्याकडेच नेलं.